कुरल आणि दीपकाडी: ‘दुर्मिळ प्रजाती’ म्हणजे नेमकं काय?

पावसाळा लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक सड्यावर दुर्मिळ प्रजातीचं फूल फुललं. थंडीत तीच बातमी पक्ष्याची होते: तमुक खाडीत दुर्मिळ प्रजातीचा पक्षी उतरला. या बातम्यांची कात्रणं मी गेली कित्येक वर्षं जपून ठेवतो आहे. आपल्या मातीतल्या फुलांची-पाखरांची कुणी दखल घेतली, याचा आनंद असतोच. पण त्या मथळ्यातले ‘दुर्मिळ’ आणि ‘प्रजाती’ हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने पडलेले असतात. शब्द चुकला की कशाला जपायचं आणि कसं, हेही चुकतं. म्हणून एक पाणपक्षी आणि एक रानफूल शेजारी ठेवून हे दोन शब्द उलगडून बघू.

पक्षी आहे कुरल. ऑगस्ट-सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ओहोटीच्या वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर, आंजर्ल्याला, किंवा अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर उभं राहिलात तर तो दिसण्याची चांगली शक्यता असते. कोंबडीएवढं अंग, लांब पाय, मातकट तपकिरी रेघारेघांची पिसं. आणि चोच! खाली वाकलेली, कोयतीच्या पात्यासारखी, मोठ्या मादीची तर जवळजवळ वीतभर. नरापेक्षा मादीची चोच लांब असते. ही चोच तो मुळापर्यंत चिखलात खुपसतो. तिच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या पेशींची दाटी असते आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं. त्यामुळे डोळ्यांनी न बघता तो बिळातला कृमी किंवा कुर्ली पकडून ओढून काढतो. गावात त्याला कुणी वेगळ्या नावाने ओळखत नाही, ‘तो लांब चोचीचा’ एवढंच. कुरल हे नाव पुस्तकातलं. कुरव म्हणजे समुद्रपक्षी वेगळा, त्याच्याशी याची गल्लत नको.

फूल आहे दीपकाडी. हे बघायला खाडीकडे पाठ करून घाटी चढून सड्यावर जावं लागतं. जांभ्या दगडाचा मैलोन्मैल सपाट कातळ. मे महिन्यात अनवाणी पाय ठेवाल तर फोड येतील. पहिल्या दमदार सरी पडल्या की कातळाच्या खोलगट भागात जी बोट-दोन बोटं माती साठलेली असते, तिच्यात दडलेला कंद जागा होतो. गवतासारखी चारदोन पानं येतात आणि मधून सरळ दांडा. त्या दांड्यावर पांढरीशुभ्र फुलं: सहा पाकळ्या, खाली नळीसारख्या जोडलेल्या, टोकाशी बाहेर वळलेल्या. धुक्यात भिजलेल्या काळ्या कातळावर ती खरोखर काडीवर पेटवलेल्या दिव्यांसारखी दिसतात. काही आठवडे, आणि संपलं. पुढचे कित्येक महिने तिथे काही आहे याची खूणही नसते.

आता ‘प्रजाती’. शाळेत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड पाठ केलेली आठवत असेल: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सर्वांत खालची पायरी जाती, तिच्या वरची प्रजाती. एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात. वर्तमानपत्रात ‘दुर्मिळ प्रजाती’ छापतात तेव्हा म्हणायचं असतं ‘जाती’. माणसांच्या जातींशी गल्लत होऊ नये म्हणून तो शब्द टाळला जातो, हे मला समजतं. पण मग एक पायरीच गायब होते.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं त्याचं कारण हीच शेवटची जोडी. कुरलाचं नाव न्युमेनियस आर्क्वाटा. पहिला शब्द प्रजातीचा, आडनावासारखा; दोन्ही मिळून जाती. न्युमेनियसचं मूळ ग्रीक भाषेत अमावास्येनंतरच्या कोवळ्या चंद्रकोरीपाशी जातं, आर्क्वाटा म्हणजे धनुष्यासारखी वाकलेली. दोन्ही शब्द चोचीवरूनच. याच प्रजातीत छोटा कुरलही येतो. तोही आपल्याच किनाऱ्यावर थंडीत असतो. अंगाने लहान, चोच आखूड आणि डोक्यावर गडद-फिकट पट्टे. आडनाव एक, जाती दोन.

दीपकाडीचं नाव डिपकॅडी कोंकॅनेन्स. दुसरा शब्द वाचा: कोकणाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या डालझेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाने तिचं वर्णन केलं, तेव्हा प्रजाती वेगळी मानली होती. पुढे लंडनच्या क्यू उद्यानातल्या बेकर यांनी तिला डिपकॅडी या प्रजातीत हलवलं. म्हणून वनस्पतींच्या पुस्तकात या नावापुढे डालझेल कंसात आणि बेकर कंसाबाहेर अशी दोघांची नावं लिहितात. कुरलाच्या नावापुढे मात्र एकटा लिनियस, दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणारा. त्याचीही प्रजाती लिनियसने १७५८ साली वेगळी लिहिली होती, ती नंतर बदलली. पण बदल करणाऱ्याचं नाव लिहिण्याची पद्धत प्राणिशास्त्रात नाही. प्राण्यांच्या नावांची नियमावली वेगळी, वनस्पतींची वेगळी, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. इतका नाही, की मोरस हे नाव तुतीच्या झाडाचंही आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याचंही. दोन्ही नावं नियमात बसतात.

उतरंडीने वर चढत गेलं तर दोघे कुठे भेटतात? कुरल: तुतारी, टिवळ्या या पाणपक्ष्यांचं कुल, त्याच्या वर एक मोठा गण ज्यात कुरव, सुरय आणि आपली ओरडी टिटवीसुद्धा येते, मग पक्षी हा वर्ग, पाठीचा कणा असलेले ज्यात येतात तो संघ, प्राणी ही सृष्टी. दीपकाडी: शतावरीचं कुल, त्याच्या वर जो गण त्यात कांदा, लसूण, केशर आणि सगळी ऑर्किड्स, त्याच्या वर एकदल वनस्पती, मग सपुष्प वनस्पती, वनस्पती ही सृष्टी. म्हणजे सृष्टीपर्यंत चढूनही भेट नाही. दोघांचा समाईक पूर्वज शोधायला शंभर कोटी वर्षांहूनही मागे, एकपेशीय सजीवांच्या काळात जावं लागतं.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. ‘पाणपक्षी’ आणि ‘रानफूल’ ही या उतरंडीतली नावंच नाहीत. ती राहणीची नावं आहेत. शेतात कुदळीसारखी वाकडी चोच घेऊन फिरणारा शराटी बघा. चोच कुरलासारखी, पाय लांब, चिखलात वावर. पण तो कुरलाचा भाऊबंद नाही. त्याचा गण वेगळा, बगळे आणि पेलिकन यांचा. चिखलातून खाणं ओढायचं एकच काम दोन घराण्यांना पडलं आणि दोघांना तेच हत्यार मिळालं. उलट टिटवी दिसायला कुरलासारखी अजिबात नाही, पण ती त्याच गणातली.

फुलांचंही तसंच. आषाढात आपण जी फोडशीची भाजी करतो, काही जण तिला कुलू म्हणतात, ती दीपकाडीच्याच कुलातली. कुंपणाला लावतात ते घायपात आणि रानकांदाही त्यातच, आणि रानकांदा तर फारच जवळचा. पूर्वी दीपकाडी लिलीच्या कुलात धरत. डीएनए तपासता येऊ लागल्यावर कळलं, की लिलीचं कुल म्हणजे ‘सहा पाकळ्या आणि कंद’ एवढ्या साम्यावर एकत्र कोंबलेली भलतीभलती मंडळी होती. त्यांची फेरवाटणी झाली आणि २००९ मध्ये मान्य झालेल्या मांडणीत दीपकाडीचं घर शतावरीकडे गेलं. जुन्या पुस्तकात लिलीचं कुल छापलेलं दिसलं तर ती चूक नव्हे, त्या वेळची समज आहे.

आता दुसरा शब्द: ‘दुर्मिळ’.

एखादी जात दुर्मिळ आहे म्हणताना तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. ती किती मोठ्या प्रदेशात पसरली आहे? किती प्रकारच्या जागी राहू शकते? आणि जिथे आहे तिथे किती संख्येने आहे? डेबोरा रॅबिनोविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये या तीन प्रश्नांच्या जोड्या लावून दुर्मिळपणाचे सात प्रकार मांडले. कुरलाची उत्तरं: प्रदेश प्रचंड, ब्रिटनपासून सैबेरियापर्यंत वीण आणि आफ्रिका-आशियाच्या किनाऱ्यांवर हिवाळा, जागा अनेक प्रकारच्या, माळ, पाणथळी, खाड्या, संख्या जगभरात अजून लाखांत. कुठल्याच अर्थाने दुर्मिळ नाही. दीपकाडीची उत्तरं: प्रदेश जगात फक्त कोकण आणि त्याला लागून असलेला पश्चिम किनाऱ्याचा पट्टा, जागा एकच, जांभ्याचा सडा, पण जिथे आहे तिथे एका कातळावर शेकड्यांनी. तिला दुर्मिळ म्हणायचं ते पहिल्या दोन अर्थांनी. म्हणूनच सड्याकाठच्या माणसाला ‘हे फूल दुर्मिळ आहे’ सांगितलं तर तो हसतो. त्याच्या दारात ते दरवर्षी ढिगाने येतं. त्याचंही बरोबर असतं.

आणि दुर्मिळ म्हणजे धोक्यात, असंही नाही. धोका हा वेगळा हिशोब आहे. तो आययूसीएन ही १९४८ साली स्थापन झालेली निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था ठेवते. तिची लाल यादी १९६४ पासून आहे. यादीत श्रेणी असतात: कमी चिंतेची, संकटसमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, निसर्गातून नामशेष, आणि नामशेष. याशिवाय ‘माहिती अपुरी’ आणि ‘मूल्यमापन न झालेली’. प्रश्न एकच विचारला जातो: ही जात जगातून नाहीशी होण्याची शक्यता किती? आज किती आहेत यापेक्षा कुठल्या दिशेने चालल्या आहेत, हे तिथे जास्त मोजलं जातं.

धोक्याच्या श्रेणीत पोचण्याच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट घसरणीची. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या साधारणपणे ३० टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, ५० टक्क्यांनी तर संकटग्रस्त, ८० टक्क्यांनी तर अतिसंकटग्रस्त. उरलेली संख्या लाखात असली तरी चालेल. कुरल याच वाटेवर आहे. त्याची घट ३० टक्क्यांच्या रेषेच्या जवळ जाते, अजून ओलांडत नाही, म्हणून २००८ पासून तो ‘संकटसमीप’ आहे. त्याचाच भाऊ छोटा कुरल मात्र ‘कमी चिंतेचा’. प्रजाती एक म्हणून नशीब एक, असं नसतं.

दुसरी वाट जागेची. विस्ताराचं क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी असेल तर असुरक्षित, ५,००० पेक्षा कमी तर संकटग्रस्त, १०० पेक्षा कमी तर अतिसंकटग्रस्त. अंदाज यावा म्हणून: आख्खा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर आहे. विस्तार म्हणजे नकाशावर टोकाच्या ठिकाणांना रेघेने जोडून झालेला आकार. प्रत्यक्ष व्यापलेली जागा वेगळी मोजतात, दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखून जात सापडली ते चौकोन मोजायचे. त्याचीही मर्यादा आहे: संकटग्रस्तसाठी ५०० चौरस किलोमीटर, म्हणजे १२५ चौकोन. पण नुसती जागा कमी असून भागत नाही. सोबत तुकडे पडणं किंवा मोजकीच ठिकाणं उरणं, अधिवासाची चालू असलेली हानी, संख्येतले टोकाचे चढउतार, यांतल्या निदान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एखादी जात पिढ्यानपिढ्या एकाच डोंगरावर सुखाने राहत असेल आणि डोंगराला कुणी हात लावत नसेल, तर या वाटेने ती संकटग्रस्त ठरत नाही. दीपकाडीचा हिशोब याच वाटेचा आहे. सडे एकमेकांपासून तुटलेले आणि एकेक सडा कमी होत चाललेला. भारतातल्या वनस्पतितज्ज्ञांनी तिला धोक्यातल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे एकाच प्रदेशात सापडणाऱ्या, वनस्पतींत धरायला सुरुवात केली, त्याचं मूळ इथे आहे.

दोघांच्या बाबतीत आणखी एक फरक आहे आणि तो मला खुपतो. जगातल्या अकरा हजारांच्या आसपास पक्षिजातींपैकी जवळजवळ प्रत्येकीचं मूल्यमापन झालेलं आहे आणि ते ठराविक काळाने पुन्हा होतं. वनस्पतींच्या जाती साडेतीन लाखांच्या वर. त्यांतल्या निम्म्यांचंही झालेलं नाही. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. त्यात वनस्पतींसाठी प्रकरण घालायला १९९१ उजाडलं, आणि तेव्हा अनुसूचीत नावं आली अवघी सहा. पक्ष्याला डोळे असतात, आवाज असतो, तो उडून जातो तेव्हा गेल्याचं कळतं. कंद मातीखाली असतो. तो गेल्याचं कळायला पुढचा पावसाळा यावा लागतो, आणि त्या वर्षी कुणी सड्यावर गेलंच नाही तर तेव्हाही कळत नाही.

धोके आता प्रत्यक्ष बघू. कुरलाचं मुख्य दुखणं आपल्यापासून हजारो किलोमीटरांवर आहे. तो जमिनीवर घरटं करतो. युरोपात गवताळ कुरणं नांगरली गेली, पाणथळ जागा सुकवल्या, माळांवर झाडं लावली गेली (होय, झाडं लावणंही कुणाच्या तरी मुळावर येतं), आणि उघड्यावरची अंडी-पिल्लं कोल्ह्या-कावळ्यांच्या तोंडी जाऊ लागली. वाढ पूर्ण झालेले कुरल दीर्घायुषी असतात. अभ्यासासाठी पायात कडं घातलेला एक तर तिशी ओलांडून जगल्याची नोंद आहे. त्यामुळे पिल्लं जगत नसली तरी थवे काही वर्षं भरलेले दिसतात. खाडीवर नेहमीएवढे पक्षी मोजून आपण निर्धास्त होतो, तेव्हा तो थवा म्हाताऱ्यांचा असू शकतो.

दुसरं दुखणं वाटेतलं आणि हिवाळ्यातलं. दक्षिण कोरियात सेमनगम इथे २००६ मध्ये ३३ किलोमीटरांची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि मोठा जलरंक या किनाऱ्यावरच्या स्थलांतरी पक्ष्याचा सर्वांत महत्त्वाचा थांबा बुजला. तो पक्षी आज संकटग्रस्त आहे. एका खाडीचा भराव एका जातीला किती खाली ढकलू शकतो, ते यावरून कळतं. आपल्याकडेही उरणच्या पाणथळींवर किती भराव पडला, हे मुंबईच्या पक्षिनिरीक्षकांना तोंडपाठ आहे. २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या सोळा जातींची श्रेणी एकदम खालावली. आणि कुरलाच्याच प्रजातीतला एक सदस्य, बारीक चोचीचा कुरल, शेवटचा खात्रीने दिसला मोरोक्कोत १९९५ साली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो अधिकृतपणे ‘नामशेष’ या रकान्यात गेला. ‘संकटसमीप’ हा शब्द ऐकायला सौम्य वाटतो, म्हणून हे लिहिलं.

दीपकाडीचं दुखणं मात्र पूर्णपणे आपल्या घरातलं. चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे कापायची खाण, लागली की माती, कंद, बी असा सगळा वरचा थर खरवडून बाजूला टाकतात आणि खाली चौकोनी खड्डा उरतो. सुरुंग लावून खड्डे करतात, बाहेरची माती भरतात, हापूसची कलमं लावतात. मी कलमांच्या विरोधात नाही, आमच्या घरचीही आहेत. पण कातळावर बाग उभी राहते तेव्हा ‘ओसाड जागेचं सोनं केलं’ असं जे म्हणतो, त्यातलं ‘ओसाड’ खरं नसतं. तिथे दीपकाडी असते, सीतेची आसवं असतात, कीटक पकडणारी दवबिंदू असते, गेंद असतात. शिवाय त्याच सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत, जी २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

कागदावर खाडी आणि सडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत सजीवांनी भरलेले चिखलपट्टे आणि कांदळवनं सर्वांत संवेदनशील गटात आहेत. कुरल मारणं गुन्हा आहे. स्थलांतरी प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून आहे. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण बोट ठेवायला कागद आहे. सडा बहुतेक ठिकाणी खाजगी. वनखात्याची जमीन नाही, म्हणून वनकायदा पोचत नाही. समुद्रापासून लांब, म्हणून किनाऱ्याचे नियम पोचत नाहीत.

आणि तरीही, वाचवायला सोपी दीपकाडीच आहे. कुरलासाठी स्कॉटलंडचा माळ, सैबेरियाचं दलदलीचं रान, मधले थांबे आणि आपली खाडी अशी सगळी साखळी शाबूत लागते. एक कडी तुटली तरी पक्षी जातो. दीपकाडीला ती आहे तो कातळ लागतो, बाकी काही नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर करू शकतं. २०२१ मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीजवळचं देवळाचं तळं एका इवल्याशा माशासाठी असं वारसास्थळ झालं. तळं केवढं, मासा केवढा! ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने सड्यावरचे चारदोन खोलगट भाग जरी नोंदवहीत लिहिले, तरी पुढच्या अर्जाला आधार मिळतो.

आमच्या वाडीच्या वरच्या सड्याचा सातबारा मी मागच्या महिन्यात काढून आणला. सगळ्या क्षेत्रापुढे ‘पोटखराबा’ लिहिलेलं आहे, म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली जमीन. लगतच्या गटात खाणीच्या मोजणीचे चुन्याचे पट्टे पडले आहेत. पाऊस लागला की दांडे वर येतील तेव्हा चौकोन आखून, फोटो काढून, तारखेसकट यादी करायची आणि ग्रामसभेत द्यायची असं आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं आहे. खणायला माणसं लागायच्या आत फुलं मोजून व्हायला हवीत.